दाराकडे तोंड केलेले अण्णा

डावं आणि उजवं हा भेद सृष्टीच्या आरंभापासून चालत आला आहे. शरयू टिपणीसने तो एका गुरुवारी दुपारी मोडला, आणि तोही कंटाळा आला म्हणून.

अण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, उजवा हात अर्धांगवायूनं लुळा पडला होता. डाव्या हातानं जेवायला ते तयार नव्हते. म्हणून शरयू नोकरी सोडून त्यांना भरवत होती, आणि मधल्या वेळात व्हिडिओ बघून कॉम्प्युटर गेममधली पिक्सेलची माणसं चालवायला शिकत होती. पहिला माणूस म्हणून तिनं अण्णांनाच घेतलं. उजवीकडे चालणारे अण्णा, एकामागून एक दाखवायची सहा चित्रं, लुळ्या हातासकट. डावीकडे चालवायचे तर आणखी सहा काढायला हवी होती.

"परत कशाला काढता?" व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या. "तीच चित्रं आरशातल्यासारखी उलटी करा. सगळे तेच करतात."

शरयूनं केली.

त्या संध्याकाळपासून खऱ्या अण्णांचं तोंड उजवीकडे, स्वयंपाकघराकडे असलं की उजवा हात लुळा. डावीकडे, दाराकडे वळलं की उजवा धड आणि डावा लुळा. तिसरी दिशा घरात उरली नव्हती. समोरून दिसणारा माणूस पुढच्या धड्यात होता.

शेजारचे उपळेकर काका बऱ्याच दिवसांनी कॅरम खेळायला बसले.

"अहो अण्णा, लुळा हात उजवा होता ना तुमचा?"

"दिशेवर आहे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी राणी घेतली.

अण्णा दाराकडे तोंड करून आपल्या हातानं जेवू लागले. शरयूला चहा गरम असताना प्यायला मिळू लागला. मग एक दिवस अण्णांनी आत वळायचंच सोडलं.

"अण्णा, आत चला, झोपायचं नाही का?"

"पलंग इकडे आण."

"आणि उद्या शेगडी पण आणू?"

"उद्या कशाला? आत्ताच आण."

पलंग आला, शेगडी आली, कपाट आलं. आतल्या खोल्यांना काही काम उरलं नाही, म्हणून त्या अरुंद होत गेल्या. स्वयंपाकघरात आडवं होऊनच शिरता येऊ लागलं. दाराशी इतकी दाटी झाली की एका सकाळी अण्णांना थोडं पुढं सरकावं लागलं, आणि ते बाहेर पडले.

जिना, फाटक, गल्ली. सहा चित्रं संपली की पुन्हा पहिलं.

"अण्णा, मागे फिरा!" शरयू गॅलरीतून ओरडली.

"फिरलो की हात गेला," अण्णा न फिरता म्हणाले.

"मग मी भरवीन की!"

"म्हणूनच," अण्णा म्हणाले आणि चालत राहिले.

शरयू कॉम्प्युटरपुढे बसली. घराकडे येणारे, धड हाताचे अण्णा आता नव्यानं काढायला हवे होते. पाय जमले, चष्मा जमला, हात जमेना. धड असताना तो कसा हलायचा, हेच तिला आठवेना. तिनं उपळेकरांचं दार वाजवलं.

"काका, चालताना अण्णांचा उजवा हात कसा हलायचा हो?"

काकांनी विचार केला. "पिशवी असायची गं हातात."

"आणि पिशवी नसताना?"

"पिशवी नसताना ते कशाला बाहेर पडतील?"

गल्लीच्या टोकाला अण्णा आता अंगठ्याएवढे दिसत होते. शरयूनं हात काढायचा नाद सोडला आणि दाराकडे जाणारी तीच सहा चित्रं शेवटाकडून पहिल्याकडे चालवली.

अण्णा थांबले. मग तोंड तिकडेच ठेवून, धड हात हलवत, मागं मागं येऊ लागले. गल्ली, फाटक, जिना. उपळेकर काका जिन्यात भिंतीला चिकटून उभे राहिले. "या, या. सावकाश."

दारातून आधी पाठ आली. पलंग आणि कपाटाच्या मधे शरयूपुरती जागा होती, तिथं ती उभी होती.

"अण्णा, मागे मी आहे."

उजवा हात मागं आला, हवेत चाचपडला, तिच्या डोक्यावर टेकला आणि तिथंच राहिला. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

"केस तेलकट झालेत," अण्णा बाहेर बघत म्हणाले.

ते झाले होतेच.