दुसरं दार

दोघी सख्ख्या जावा, नोकरी एकाच कंपनीत. थोरली फायरवॉल, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कची राखणदार यंत्रणा, सांभाळायची, धाकटी प्रोग्राम लिहायची. घरी सासूबाई उठता-बसता धाकटीचं कौतुक करायच्या आणि ऑफिसात साहेब. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सोमवारी धाकटीचा प्रोग्राम अडला. फायरवॉलच्या पलीकडच्या सर्व्हरला तो काम सांगायचा आणि उत्तराची वाट बघत ताटकळायचा.

"जाऊबाई, तुमच्याकडे काही अडतंय का हो?" धाकटीनं विचारलं.

"त्या सर्व्हरकडे जायचं दार उघडंच आहे," थोरली म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण तो सर्व्हर त्या पहिल्या दारावर काम ऐकून उत्तरासाठी नुसता दुसऱ्या दाराचा नंबर सांगायचा, आणि ते दुसरं दार फायरवॉलनं बंद ठेवलं होतं. थोरलीनं दुपारीच फायरवॉलची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून ते पाहिलं. बसू दे डोकं फोडत, म्हणाली मनाशी, आणि लॉग बंद केला.

बुधवारी धाकटीनं साहेबांकडून लॉग मागवला आणि दोष शोधला. भर मीटिंगमध्ये म्हणाली, "जाऊबाई दाराचं बोलल्या, त्यावरूनच सुचलं मला." सगळ्यांनी थोरलीसाठी टाळ्या वाजवल्या.

बाहेर पडताना धाकटी हळूच म्हणाली, "लॉग कुणी कधी उघडला, त्याचीही नोंद असते हो त्यात. सोमवारी दुपारी तुमचं नाव आहे. मी नाही कुणाला सांगणार."

तेव्हा थोरलीचा खरा जळफळाट झाला. मेली आता मनानंही मोठी निघाली!