वासाच्या खोलीतले नऊ जण

त्या बरणीत काय होतं ते डेलियाइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण दर सोमवारी ती घाण तीच कालवायची. नासकं दूध, कुजका कोबी आणि कुस्तीच्या पोरांचे न धुतलेले मोजे. शी! ओहायोतल्या त्या छोट्या कॉलेजच्या तळघरात, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, बरणी उघडून टेबलाखाली ठेवायची आणि पोरापोरींना बसवून विचारायचं: परीक्षेत कॉपी केलेल्या मुलाला किती कडक शिक्षा द्याल, एक ते नऊपैकी आकडा लिहा; नऊ म्हणजे सगळ्यात कडक. शेजारच्या स्वच्छ खोलीतही तोच प्रश्न. किळस आली की माणूस कठोर होतो, असं प्रोफेसर हॅन्लींचं म्हणणं.

तिसऱ्या वर्षाची डेलिया वर्षभर त्यांच्या हाताखाली राबली. बदल्यात संशोधनाच्या पोस्टरवर तिचं नाव आणि मोठ्या विद्यापीठातल्या उन्हाळी संशोधनाच्या जागेसाठी त्यांचं शिफारसपत्र. त्या पत्रावाचून तिचं सगळं अडलं होतं.

आकडे आले आणि हॅन्लींचं तोंड आंबट झालं. दोन्ही खोल्यांत फरक शून्य.

"हे नऊ नंबर बघ," त्यांनी चिठ्ठी सरकवली. "वासात बसून इतके मवाळ? लक्षच नव्हतं त्यांचं. त्या खोलीतले त्यांचे व्हिडिओ परत बघ आणि 'वास जाणवला नाही' असा शेरा मार. मग गाळता येतील."

"आणि जाणवला असेल तर?"

"डेलिया, तू हुशार मुलगी आहेस. तुझं पत्र लिहायलाच बसतोय मी."

तिने व्हिडिओ लावले. एक जण नाक दाबून बसलेला. एकीने स्वेटर तोंडावर ओढलेला. आणि एक्केचाळीस नंबर म्हणजे तर तिची रूममेट कोरिन! भडाभडा ओकली होती बिचारी, अर्धं कचऱ्याच्या डब्यात, अर्धं बाहेर. डेलियानेच गुडघ्यांवर बसून ते साफ केलं होतं. मग कोरिनने तोंड पुसून पेन उचललं आणि लिहिलं: दोन. घाबरला असेल, एक संधी द्या.

डेलियाने नऊच्या नऊ जणांपुढे तो शेरा मारला. तेव्हा जी मळमळ झाली, ती बरणीतली घाण कालवतानाही कधी झाली नव्हती. थू तुझ्या जिंदगानीवर, ती स्वतःलाच म्हणाली.

एप्रिलमध्ये पोस्टरांचा दिवस उजाडला. चीजचे तुकडे, सरबत, नटूनथटून आलेले आईबाप. हॅन्ली डीनना सांगत होते, "निकाल बघा, कसा लख्ख आलाय!" लाज कशी ती नाहीच. तेवढ्यात कोरिन आपल्या आईला ओढत घेऊन आली.

"मॉम, यातली ओकणारी ती मीच बरं का!" मग ती वाकून खालची बारीक अक्षरं वाचायला लागली. "वास न जाणवल्यामुळे नऊ जण वगळले... अगं, कोण गं हे येडे? मेले होते की काय?"

हॅन्ली डेलियाकडे बघून हसले. पत्र सोमवारी जायचं होतं.

ते हसू बघून तिच्या घशाशी आलं.

"त्यातली एक तू आहेस," डीनना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली. "यांनी सांगितलं आणि मी खोटा शेरा मारला. नऊही जणांपुढे."

हॅन्लींचं हसू मावळलं. कोरिनला आधी थट्टाच वाटली. मग तिने डेलियाकडे नीट पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली.

"त्या कॉपीवाल्याला मी दोन दिले होते," ती म्हणाली. "तुला नऊ."