टेकायला काहीतरी

थोरल्या आत्या येणार, ही बातमी आईने फोनवर अशा दबक्या आवाजात सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावे, घरात कोणीतरी नुकतेच झोपले आहे.

"वन्सं उद्या दुपारी येतायत. तुझे बाबा घेऊन येतील. खोली बघायचीय म्हणाल्या."

"बघू देत की," धाकटी म्हणाली.

थोरल्या आत्या नुसत्या बघायला कुठेही जात नसत. बघून झाले की त्या निकाल देत, आणि त्यांचा निकाल फिरवण्याची छाती त्या घरात कोणाची नव्हती. धाकटीच्या वडिलांना त्यांनीच लहानाचे मोठे केले होते. बाहेर कचेरीत शंभर माणसांना कामाला लावणारे वडील ताईपुढे अजूनही शर्टाचे वरचे बटण लावून उभे राहत. धाकटीने वसतिगृहात राहू नये, शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चुलतकाकांकडे राहावे, असे आत्यांच्या मनात पहिल्यापासून होते. काकांच्या घराचे फाटक दिवेलागणीला बंद होई. धाकटी शिकत होती मातीची भांडी घडवायला आणि भाजायला, आणि भट्टीला दिवेलागण कळत नाही. एकदा पेटवली की ती स्वतःच्या मर्जीने तापते, स्वतःच्या मर्जीने निवते, आणि तोवर तिच्यापाशी कोणीतरी जागे असावे लागते. काकांकडे जाणे म्हणजे भट्टी सोडणे. आणि भट्टी सोडल्यावर त्या शिक्षणात उरते काय, तर वह्या.

"आणि हे बघ," आई आणखी हळू बोलू लागली, "वन्संना टेकायला काहीतरी बघून ठेव. समजलं ना? टेकायला."

"हो गं, समजलं."

"नीट समजलं ना?"

"आई, टेकायला. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मागून आत्यांचा आवाज आला, "कोणाशी कुजबुजतेस गं?" आणि फोन बंद झाला.

धाकटीने खोलीभर नजर फिरवली. नजर फिरवायला फार कष्ट पडले नाहीत. दोन भिंतींना दोन खाटा, मधे एका माणसाने तिरके होऊन जावे एवढी वाट, एका खाटेच्या पायथ्याशी कपाट, खिडकीशी एक टेबल आणि त्यापुढे जमिनीत पक्के केलेले, भिंतीकडे तोंड असलेले लोखंडी बाक. त्यावर पाहुण्याला बसवले तर त्याने भिंतीशीच बोलावे. राहिल्या खाटा. पण अंथरूण निजण्यासाठी असते, माणसांत बसण्यासाठी नव्हे, हा आत्यांचा नियम होता. दुसऱ्याच्या अंथरुणावर बसलेले पोर त्यांनी दंडाला धरून उठवलेले धाकटीने पाहिले होते. खाली सतरंजी घालावी म्हटले, तर आत्यांच्या वयाच्या बाईला 'जमिनीवर बसा' म्हणायला जीभ रेटली पाहिजे.

"तुझी आत्या किती वेळ थांबणार?" खोलीतल्या दुसऱ्या मुलीने विचारले. ती शिकत होती चित्रकला, पण दोन्हीकडच्या बाजू मांडल्याशिवाय तिला पाणीही पिता येत नसे, म्हणून सगळा मजला तिला वकीलीण म्हणे.

"ते त्या ठरवतील."

"मग खुर्चीच हवी."

जुन्या सामानाचे दुकान कॉलेजच्या मागच्या गल्लीत होते. दुकानदार स्वतः एका खुर्चीवर बसून दुसरीवर पाय ठेवून होता. मुली दिसताच त्याने दोन्ही खुर्च्या विकायला काढल्या.

"वसतिगृहाच्या खोलीसाठी हवंय," धाकटी म्हणाली. "पाहुण्यांना. स्वस्तात. आणि दार उघडलं पाहिजे."

"दार माझ्याकडे नाही, बाकी सगळं आहे," तो म्हणाला आणि उठला.

त्याने आधी मण्यांनी भरलेली एक लोळागोळा गादी ओढून आणली. हल्ली पोरांना हीच आवडते, म्हणाला. वकीलीण तिच्यात बसली ती कमरेपर्यंत रुतली, आणि तिला दोघांनी हात धरून वर काढावे लागले. आत्यांना त्यातून कसे काढणार, या विचाराने धाकटीला घाम फुटला. मग वेताचा मोढा आला. देखणा, पण त्याच्या एका बाजूची काडी मोकळी झाली होती आणि ती कोणाच्या पातळाला धरेल त्याचा नेम नव्हता. मग झाकणाची एक पेटी आली, आत सामान आणि वर माणूस. बसलेला माणूस उठल्याशिवाय आतले काही निघत नाही, हे वकीलिणीने लगेच दाखवून दिले.

शेवटी दोन वस्तू उरल्या. एक लोखंडी घडीची खुर्ची, पाठ असलेली. दुसरे लाकडी स्टूल, बैठकीला जाड कापड मारलेले, खाटेखाली सहज सरकणारे आणि खुर्चीच्या निम्म्या भावाचे. वकीलिणीने टाचेने फरशीवर खोलीचे माप आखले. खुर्ची उघडली की दार अर्धेच उघडत होते. स्टुलाला अडचण नव्हती.

"तरी खुर्चीच घे," ती म्हणाली. "दार अर्धं उघडलं तर काय बिघडलं? तुझी आत्या काय कपाट आहे, आडवी आणायला?"

"आईने टेकायला सांगितलंय. बसायला नाही."

"म्हणजे?"

"आत्या कुठे बसत नाहीत. लग्नघर असो, आजाऱ्याचं घर असो, 'मी बसायला आले नाही, जरा टेकते' म्हणतात आणि पाच मिनिटांत उठतात. खुर्ची मांडली तर त्यांना वाटेल, ही मला गृहीत धरून बसली. स्टूलच बरं."

"पाहुणी आहे ती. कावळा नाही, कठड्यावर टेकायला."

"तू त्यांना ओळखत नाहीस."

या वाक्यापुढे वकिली चालत नाही. स्टूल घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघी खोलीच्या मागे लागल्या. मातीने माखलेले कपडे, तडकलेली भांडी, रंगांचे डबे, न धुतलेल्या चादरी, जे जे डोळ्यांना खुपेल ते ते त्यांनी कपाटात कोंबले, आणि वकीलिणीने पाठ लावून, पाय खाटेला रोवून कपाटाचे दार लावले. दार लागल्यावर दोघी थोडा वेळ श्वास रोखून उभ्या राहिल्या. ते उघडले नाही.

पुरुषांना वर सोडत नसत, म्हणून वडील खाली फाटकापाशीच राहिले. आत्या एकट्या वर आल्या. धाकटी जिन्यात त्यांच्या मागे एक पायरी ठेवून चालत होती. प्रत्येक वळणावर आत्या थांबत, कठड्याला हात लावून बोटाला धूळ लागते का पाहत, भिंतीवरची सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, आणि मगच पुढचा जिना चढत. इतकी कसून तपासणी होत आहे हे पाहून धाकटीच्या जिवाचे पाणी पाणी झाले.

खोलीत त्या दारापासून खिडकीपर्यंत गेल्या आणि तशाच उलट पावली परतल्या. वळायला जागा नव्हती.

"हे काय?" त्यांनी स्टुलाकडे पाहिले.

"तुमच्यासाठी आणलं, आत्या. टेका ना."

आत्यांनी एकदा स्टुलाकडे, एकदा तिच्याकडे पाहिले. मग पदर सावरून त्या वाटेच्या मधोमध त्या स्टुलावर बसल्या, जणू कोणी ओळंबा लावून बसवल्यासारख्या ताठ.

"रात्री भट्टीपाशी कोण असतं?"

"आम्ही पाळीपाळीने असतो. मॅडमही असतात."

"रोज?"

"रोज नाही. भाजणं असेल तेव्हा."

"म्हणजे कधी असतात, कधी नसतात. आणि तू मात्र असतेस."

"तसं नाही, आत्या—"

"मग कसं?"

धाकटीने रात्री तोंडपाठ केलेली वाक्ये कुठल्या कुठे गेली. आत्यांच्या ओठांवर घामाचे थेंब जमले होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता, आणि त्याची बोटे पांढरी पडेपर्यंत गुडघ्यात रुतली होती. रागावल्या आहेत, असे धाकटीला वाटले. राग दाबत आहेत. आता सुटेल, मग सुटेल, म्हणून ती आणखी भरभर बोलू लागली, भट्टीच्या तापमानाविषयी, मॅडमच्या कडक शिस्तीविषयी, आणि बोलता बोलता एकच गोष्ट दोनदा सांगून बसली.

"पुरे," आत्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "तुझ्या आईने तुला काही सांगितलं होतं का? फोनवर?"

"नाही. एवढंच की तुम्हांला टेकायला काहीतरी बघून ठेव."

आत्यांनी डावी मूठ वळली आणि सहज केल्यासारखी कमरेमागे नेऊन दाबली. आणि त्या क्षणी धाकटीला आईचा आवाज पुन्हा ऐकू आला, तो दबका आवाज, तो एकाच शब्दावरचा भर, 'नीट समजलं ना?' आईने क्षणभर टेकायला सांगितलेच नव्हते. तिने पाठ टेकायला सांगितले होते. 'पाठ' हा शब्द आत्यांच्या कानी जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून तिने तो गिळला, आणि लेकीने शब्द ऐकला पण गिळलेला ऐकला नाही. जिन्यातल्या सूचना कोणी वाचत नव्हते. कठड्याची धूळ कोणी पाहत नव्हते; दुखऱ्या पाठीला विसावा दिला जात होता.

आत्यांची पाठ दुखते, हे घरात कोणीतरी मोठ्याने म्हणाले असते तर आकाश कोसळले असते. उभ्या आयुष्यात ज्या बाईने भिंतीला खांदा लावला नाही, तिला आता पुतणीने, तेही परक्या मुलीच्या देखत, 'आत्या, पाठीला उशी देऊ का?' विचारायचे? विचारले की त्या उठणार. उठल्या की आईची कंबख्ती, आणि काकांचे फाटक. न विचारले तरी त्या आणखी फार वेळ तग धरणार नव्हत्या; उठणारच होत्या, आणि दुखऱ्या माणसाचा निकाल कोणाच्या बाजूने लागतो, हे सांगायला वकील लागत नाही. धरले तर चावते, सोडले तर पळते.

खोलीत पाठ लावता येईल असा एकच कोपरा होता, कपाटाची कड आणि भिंत यांच्यामधला. स्टूल तिथे हलवायचे तर कारण हवे. वाटेत बसलेल्या माणसाला सरकवायला या खोलीत एकच कारण पुरेसे होते.

धाकटीने कपाटाकडे पाहिले. सबंध सकाळ त्याच्या पोटात होती.

"आत्या," ती म्हणाली, "जरा त्या कोपऱ्यात सरकता का? हिला कपाट उघडायचंय. क्लासला निघायचंय तिला."

"मला?" वकीलीण म्हणाली. "आज तर माझा—"

धाकटीने तिच्याकडे असे पाहिले की तिची दुसरी बाजू मांडायची राहून गेली.

"हो. क्लास," वकीलीण म्हणाली.

आत्या उठल्या. उठताना त्यांचे ओठ घट्ट मिटले गेले. धाकटीने स्टूल उचलून कोपऱ्यात पार आत सारले, इतके की त्यावर बसणाऱ्याला भिंत टाळताच येऊ नये. आत्या बसल्या. मग वकीलिणीने देवाघरी निघालेल्या माणसासारखा चेहरा करून कपाटाची कडी काढली.

आधी चादरी आल्या. त्यांच्यामागून मातीने कडक झालेले कपडे, दोन डबे, आणि शेवटी एक तडकलेला रांजण, जो गडगडत खाटेच्या पायापर्यंत गेला आणि तिथे त्याचे दोन तुकडे झाले. लाल धूळ उठली, खाली बसली.

धाकटीने आत्यांकडे पाहिले नाही. भिंतीला कापड घासल्याचा बारीकसा आवाज तेवढा तिने ऐकला, आणि पाठोपाठ एक लांब श्वास, कितीतरी वेळ आत अडकून पडल्यासारखा.

"हे," आत्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा त्यांचा झाला होता, "हे माणसांचं कपाट आहे की उकिरडा?"

"आत्या, आम्ही सकाळी घाईत—"

"मधे बोलू नकोस. ती चादर कधी धुतलीस? नको, सांगू नकोस, ऐकवणार नाही मला. आणि तू गं उंच मुली, तुझी आई तुला असंच ठेवायला शिकवते?"

"नाही, आत्या," वकीलीण म्हणाली. त्या दिवसापुरती तीही पुतणी झाली.

आत्या बोलत राहिल्या. कपड्यांवरून त्या डब्यांवर आल्या, डब्यांवरून रांजणाच्या तुकड्यांवर, तिथून हल्लीच्या मुलींवर. त्यांची शब्दांवरची पकड घट्ट होत गेली तशी गुडघ्यावरची बोटे एकेक करून सुटत गेली. धाकटी मान खाली घालून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, बोला, आणखी बोला, माझे पणजोबाही काढा, पण उठू नका.

"आणि हे ध्यान मी तुझ्या काकांच्या घरी पाठवणार होते," आत्या म्हणाल्या. "तुझी काकू पायपुसणंसुद्धा इस्त्री करून घालते. तिथे ही माती नेऊन सांडलीस तर सात पिढ्यांची अब्रू एका दुपारी जाईल. ते काही नाही. पसारा घालायचा तर इथेच घाल, चार भिंतींच्या आत. शिक्षण संपेपर्यंत मला त्या घरातून तुझ्याबद्दल एक शब्द ऐकू यायला नको."

धाकटीला प्रथम ते कळलेच नाही. शिव्याच इतक्या पुढे आल्या होत्या की त्यांच्यामागून काय आले ते दिसायला क्षण लागला.

"म्हणजे मी इथेच…"

"मराठीतच बोलले ना मी?"

आत्यांचे डोके आता भिंतीला लागले होते. त्यांनी धाकटीकडे पाहिले, आणि ती नजर जरा जास्तच वेळ थांबली. धाकटीने सगळे ओळखले होते, आणि ते ओळखले गेले आहे हे आत्यांनीही ओळखले होते. दोघींपैकी कोणीही त्याचा उच्चार केला नाही, पुढेही कधी केला नाही.

"खाली जाऊन बापाला सांग, मला वेळ आहे," त्या म्हणाल्या. "हिलाही ने. तिचा क्लास आहे ना?"

"पण हे आवरायला—" वकीलीण म्हणाली.

"आल्यावर आवरा. पळत येऊ नका, जिना नीट नाही."

धाकटीने वकीलिणीचा हात धरून तिला बाहेर ओढले आणि आवाज न करता दार लावून घेतले.

"माझा खरंच क्लास नाही," वकीलीण व्हरांड्यात कुजबुजली.

"माहितीये. चल. आणि हळू चाल."