आधी आपलं सांगायचं

ओनोदेरा बाईंचा एक हट्ट होता. कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वतःचं सांगायचं आणि मगच दुसऱ्याचं विचारायचं. सत्तरी ओलांडलेली ही जपानी लेखिका रियाधला आली होती ती पुस्तकासाठी. घरचं माणूस गेलं आणि ज्यांना वेळेत पोचता आलं नाही, अशा परदेशी राहणाऱ्यांवर. मराठी कुटुंबांशी बोलायला त्यांना दुभाषी हवी होती, ती स्मृतीच्या रूपाने मिळाली. पुण्यात चांगलं जपानी शिकून, लग्नानंतर इथे येऊन तिने ते बरणीत घालून ठेवलं होतं. लोणचं निदान मुरतं, हिचं जपानी नुसतंच पडून होतं.

स्मृतीला काम आवडलं असं म्हणवत नाही. आवडनिवड हे खातंच आई गेल्यापासून बंद होतं. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा हिचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नूतनीकरणात अडकलेला, देशाबाहेर पडायचा परवाना मिळेना. धाकट्या भावाने, मनीषने, स्मशानातून फोन धरला. तिने सगळं पाहिलं, मग उठून पोळ्या केल्या. तेव्हापासून डोळ्यांतून टिपूस नाही. आता कागद हातात होते आणि वर्षश्राद्ध आलं होतं. नवरा निमिष रोज विचारायचा, "तिकीट काढू का गं?" आणि ही रोज म्हणायची, "बघू." मनीषने तर सुनावलंच होतं, "ताई, या वेळी नाही आलीस ना, तर मी परत कधी बोलावणार नाही." तिला त्याचा रागसुद्धा आला नाही. माणसाला राग येईना झाला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

दुभाषीपण अशा बाईला बरं मानवतं. शब्द कानातून आत आले की तोंडातून बाहेर. मध्ये टेकायची सोयच नाही.

घरोघरी ती ओनोदेरा बाईंच्या वतीने तेच ते सांगत होती. "माझा जन्म उत्तरेकडच्या एका बंदरातला. वर्तमानपत्रात लागले, तेव्हा बातमीदारांत बाई मी एकटीच. आमच्याकडे नवशिक्या बातमीदाराला गेलेल्या माणसाच्या घरी फोटो मागायला पाठवतात. मी त्यात तरबेज होते. रडणाऱ्यांच्या हातून अल्बम सोडवून घ्यायचे. माझी आई गेली त्या दिवशी मी अशाच एका परक्या दारात उभी होते. फोटो घेतला, कचेरीत दिला, मग गाडी पकडली. पोचेपर्यंत दहन होऊन गेलेलं. आमच्यात घरची माणसं मिळून काड्यांनी अस्थी वेचतात. ते मी सोडून सगळ्यांनी केलं. पुढे नोकरी सोडली. समुद्रावरून न परतलेल्या खलाशांच्या घरांवर पुस्तक लिहिलं, मग ब्राझीलला गेलेल्या आमच्या लोकांवर. पुस्तकं थोडी खपतात, पत्रं मात्र खूप येतात."

हे ऐकलं की माणसं बोलायला लागायची. चिपळूणची रईसा तर बांधच फुटल्यासारखी बोलली. "कफीलानं, आमच्या मालकानं, सुट्टी दिली नाय. बापाची मय्यत मी मोबाइलवर बघितली. नेट गेलं नि वरती नुसतं चाक फिरत ऱ्हायलं, बाय! मी त्या चाकाकडंच बघत बसले." रईसा रडली. ओनोदेरा बाईंनी चष्मा काढून पुसला. स्मृतीने चाकाला जपानीत काय म्हणतात ते आठवलं आणि वाक्य पुरं केलं.

निघताना रईसाने तिला दारात थांबवलं. "तुमाला काय होत नाय ओ हे सगळं बोलताना?"

"सवय," स्मृती म्हणाली.

शेवटच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या लॉबीत जुबैलचा एक इंजिनिअर भेटायला यायचा होता. सुशील त्याचं नाव. त्याचा निरोप आला, जमणार नाही, माफ करा. स्मृतीने तो बाईंना सांगितला आणि पर्स उचलली. निमिषचा रोजचा मेसेज येऊन पडला होता. "काढू का?" तिने तो तसाच ठेवला.

"बसा," बाई म्हणाल्या. "आज तुमचं."

"माझं काही नाही."

बाईंनी आग्रह केला नाही. त्यांनी पेन्सिल मिटलेल्या वहीवर ठेवली, नव्या घरी गेल्यावर वाकायच्या तशा स्मृतीसमोर वाकल्या आणि सुरू केलं. "माझा जन्म उत्तरेकडच्या एका बंदरातला."

स्मृतीला हसूच आलं असतं. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. सवयीने तिने वाक्य मराठीत फिरवलं आणि सांगायला तोंड उघडलं. सुशीलसाठी ठेवलेल्या खुर्चीत कुणी नव्हतं. पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं. बाहेर जायला वाट नव्हती, तेव्हा वाक्यं आतच साचत गेली. परकं दार, अल्बम, उशिरा पकडलेली गाडी. इतक्या घरी स्वतःच्या तोंडाने सांगितलेली या बाईंची गोष्ट स्मृती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"ते मी सोडून सगळ्यांनी केलं," बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

चहावाला कप ठेवून गेला. कुणीच कपाला हात लावला नाही.

"आमच्यातही अस्थी सावडतात," स्मृती म्हणाली. "मनीषने सावडल्या. जाताना त्याने फोन केला होता. ताई, दाखवू का, म्हणाला. मी म्हटलं, नको, कुकर लावलाय." तिने पर्सची चेन उघडून परत लावली. "कुकर लावलेला नव्हता."

बाईंनी पेन्सिल उचलली नाही.

स्मृतीने पर्समधून फोन काढला आणि निमिषला लावला. "काढ तिकीट."

पलीकडून निमिष हळूच म्हणाला, "रडतेयस का गं?"

"माहीत नाही. थांब हं," असं म्हणून तिने गालाला हात लावून पाहिलं.