माझ्या हातचं काडतूस

ऑर्व्हिलने काचेच्या कपाटावर जाड फडकं अंथरलं, त्यावर तीन रिव्हॉल्व्हर मांडली आणि म्हणाला, "लग्नासारखंच असतं बाई हे. हातात घेतल्याशिवाय काही कळत नाही."

"मग माझी निवड फसलीच म्हणायची," मी म्हटलं. दोघंही हसलो. आज ते हसणं आठवलं की अंगाची लाही लाही होते.

ऑर्व्हिलचं दुकान लँडरला, म्हणजे आमच्या पाइनडेलहून खिंड ओलांडून पार पलीकडे. गेलन, माझा नवरा, सकाळीच म्हणाला होता, "कशाला एवढ्या लांब तडफडतेस? उन्हाळ्यात मीच आणून देईन एखादं." पण मला खोगिरांचे पट्टे शिवून आणायचे होते, खिंडीतला बर्फही काढला होता, आणि मुख्य म्हणजे हे काम मला दुसऱ्या कुणावर सोपवायचंच नव्हतं. एकवीस वर्षं आम्ही दोघं शिकाऱ्यांना खेचरांवरून डोंगरात नेतोय. मुलूख अस्वलांचा. घरात रिव्हॉल्व्हर एकच होतं, चव्वेचाळीस मॅग्नम, आणि ते कायम गेलनच्या कमरेला असायचं. यंदापासून रिव्हॉल्व्हर माझ्या कमरेला राहणार होतं आणि काडतुसं कारखान्यातली, विकतची. माझ्या हातची नाहीत. माझ्या हातच्या काडतुसांनी माझा भाऊ घालवला होता.

म्हणजे, मी तसं धरून चालले होते.

कर्टिस माझा धाकटा भाऊ. आमच्या तळावर स्वयंपाक, लाकूडफाटा, मांस सोलणं-कापणं सगळं तोच बघायचा. गेल्या सप्टेंबरच्या सतरा तारखेला एका शिकारी पाहुण्याने बाणाने एल्क, म्हणजे आमच्याकडचं थोरलं सांबर, पाडलं. धनुष्याचा हंगाम, त्यामुळे रायफल एकच, तीही तळावर. पाहुणा आणि मी मांसाचं पहिलं ओझं घेऊन तळावर परतलो. मागे ओढ्याकाठी कर्टिस वाकून उरलेलं कापत होता आणि गेलन त्याच्या पाठीशी पहाऱ्याला उभा होता. तासाभराने गेलन धापा टाकत एकटाच आला. कळलं ते असं. झुडपातून अस्वल आलं. त्याने रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढला, चाप दाबला, नुसतं टक्. पुन्हा ओढला, पुन्हा टक्. तिसऱ्यांदा ओढायला अस्वलाने सवड दिली नाही, म्हणून तो रायफलसाठी धावला. आम्ही पोचलो तेव्हा कर्टिसचं... जाऊ दे, नको ते.

दुसऱ्या दिवशी गेलनने माझ्या तळहातावर एक काडतूस ठेवलं. घोडा आपटला की जिच्या ठिणगीने दारू पेटते त्या बुडाच्या टोपीवर बारीकसा खळगा, पण टोपी पेटलेली नाही. "तुला दोष देत नाही मी, नोरीन," म्हणाला, "पण लपवू तरी कसं?" रिव्हॉल्व्हर म्हणे त्याने रागाच्या भरात ग्रीन नदीत भिरकावलं. वनखात्याच्या माणसाने त्यावरून त्याला चांगलं झापलंही.

काडतुसं आमच्याकडे दर वसंतात मीच भरते. घरी भरलेली स्वस्त पडतात आणि मनासारखी होतात. नियम एकच, टोपीला तेलकट बोट लावायचं नाही. तेल लागलं की टोपी मेली. आणि त्या मार्चमध्ये मी काय केलं होतं? शेगडीवर चरबीदार बेकन तळायला टाकलं होतं आणि मधूनमधून उठून ते उलटत काडतुसं भरली होती. हात धुतले होते का? आठवेना. सात महिने रोज आठवून पाहिलं, आठवेना. कर्टिसला माती दिली त्या दिवशी सगळ्यांदेखत त्याच्या बायकोला, पॉलीनला, मीच सांगितलं, "माझ्या हातून झालं." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." तेव्हापासून तिच्या घरावरून जायचं असलं तर मी लांबचा रस्ता धरते. ते काडतूस मात्र कोटाच्या खिशातून काढलं नाही. शिक्षा म्हणा हवं तर.

तर त्या फडक्यावरचं पहिलं रिव्हॉल्व्हर मी उचललं. चारशे चोपन्न जातीच्या दांडग्या काडतुसाचं, हे धूड.

"हे अस्वलाला जागच्या जागी आडवं करेल," ऑर्व्हिल म्हणाला.

"आणि मलाही. शेजारी शेजारी पडू दोघं."

दुसरं कोरं करकरीत, आखूड नळीचं, पण घोडा इतका कडक की माझ्या सांधे धरलेल्या अंगठ्याला ओढवेना. या जातीत प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने ओढावाच लागतो, नुसता चाप दाबून काही होत नाही. अस्वल अंगावर यायला लागलं की तिथे अंगठ्याचे लाड चालत नाहीत. तेही ठेवून दिलं.

तिसरं वापरलेलं, चव्वेचाळीसचंच, साडेपाच इंची नळी, मुठीला अक्रोडाचं नवं लाकूड. विचारून बाजूची झडप उघडली, सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, चक्री बोटाने हलवून पाहिली. खिडकीच्या उजेडात धरून चक्री आणि नळीमधली फट पाहिली, केसाएवढी होती. घोडा ओढला तर कसा अलगद आला.

"हेच," मी म्हटलं. "ह्याच्याशी माझं जमेल."

आणि अंगठा घोड्यावरच थबकला. घोड्याच्या माथ्यावर बोट घसरू नये म्हणून आडव्या रेघा असतात. त्यातली तिसरी तिरकी होती. ती तिरकी मीच करून ठेवली होती, सहा वर्षांपूर्वी, हातमोजा घातला की घसरतं अशी गेलनची कुरकुर ऐकून रेघा कानशीने खोल करताना.

"अहो, हे तर आमचं आहे!"

"तुमचं कसं? हे मी गेलन मॅब्रीकडून घेतलंय."

"नवरा आहे तो माझा. पण हे नदीत टाकलं होतं ना त्याने?"

"नदीत?" ऑर्व्हिलने भुवया वर केल्या. "गंजाचा एक ठिपका दाखवा मला. मुठीला चीर होती तेवढी मी बदलली."

मला काय वाटलं सांगू? मला गेलनची कीव आली. फेकवलं नसेल बिचाऱ्याला, घरातही ठेववलं नसेल, म्हणून गुपचूप विकलं आणि मला नदीची गोष्ट सांगितली. वेडा कुठला, म्हटलं मनात. चक्क माया आली मला त्याची!

"कधी आला होता? नाताळच्या सुमाराला?"

"छे, उन्हाळ्यात. बदल्यात ती जर्मन दुर्बीण घेऊन गेला नाही का?"

दुर्बीण. ती तर एका पाहुण्याने खूश होऊन दिली होती म्हणे.

"उन्हाळ्यात शक्यच नाही. सप्टेंबरनंतर आला असेल. नीट आठवा."

"मला कशाला आठवायला हवं? सरकार लिहून ठेवायला लावतं." दुकानात आलेली-गेलेली प्रत्येक बंदूक वहीत चढवावी लागते. ऑर्व्हिलने वही काढली, चष्मा लावला, एका ओळीवर बोट टेकवलं आणि वही माझ्याकडे फिरवली. एकवीस ऑगस्ट. गेलनचं नाव, आमचा पत्ता. वहीतला क्रमांक मी रिव्हॉल्व्हरवरच्या क्रमांकाशी तीनदा ताडून पाहिला.

सतरा सप्टेंबरला गेलनच्या कमरेला रिव्हॉल्व्हर नव्हतंच.

"बाई, बसा जरा," ऑर्व्हिल म्हणाला. मी बसले नाही. खिशातलं काडतूस काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्याने भिंग लावून टोपी निरखली.

"घोड्याचा ठसा गोल येतो, मधोमध. हा टोकदार आहे आणि कडेला. खिळ्याने मारलाय कुणीतरी, अगदी बेताने."

"वाजेल हे?"

"टोपीला तेल लागलं असेल तर नाही वाजणार."

"मग मला बघायचंय."

"असलं काडतूस मी गिऱ्हाइकाला झाडू देत नाही, बाई."

"ऑर्व्हिल, सात महिने मी भावाची मारेकरी म्हणून जगतेय."

त्याने भिंग खाली ठेवलं. भिंतीवरची किल्ली आणि आवाज रोखायला कानांवर लावायचे दोन जोड घेतले आणि मला मागच्या अंगणात नेलं. तिथे मातीचा बांध घातलेला आहे. मी ते एकच काडतूस घातलं, चक्री फिरवून जागेवर आणली, घोडा ओढला आणि चाप दाबला.

वाजलं! धाडकन वाजलं. मनगट कपाळापर्यंत उडालं, बांधाची ढेकळं पार कुंपणापर्यंत गेली. माझ्या हातचं काडतूस चांगलं होतं. मी तिथेच चिखलात मटकन बसले आणि गळा काढून रडले. कर्टिस गेला तेव्हाही अशी रडले नव्हते, कारण तेव्हा रडायचा आपल्याला हक्क नाही असंच वाटायचं.

रिव्हॉल्व्हर मी तेच घेतलं. आठशे डॉलर. सरकारी अर्जात एक प्रश्न असतो, बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना, दुसऱ्या कुणासाठी नाही ना? 'हो'वर इतकी दाबून खूण केली की कागद फाटला. ऑर्व्हिलने चौकशीचा फोन लावला, होकार आला. मी काडतुसांची पेटी मागितली तर म्हणाला, "ती आज नाही. पुढच्या आठवड्यात मी स्वतः आणून देतो."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. आजच्या दिवसावर नाही." शहाणा माणूस.

दुपारी घरी पोचले तेव्हा गेलन टेबलाशी बसून लगामाला तेल चोळत होता. "मिळालं का मनासारखं?"

"सांगते. आधी तू सांग. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? एकदाच, पुन्हा."

त्याने उसासा टाकला, फडकं बाजूला ठेवलं आणि सांगायला लागला. घोडा ओढला, टक्. पुन्हा ओढला, टक्. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघत होते, पापणीसुद्धा लवली नाही मेल्याची. शेवटी माझा हात थोपटत म्हणाला, "किती जाळून घेशील स्वतःला? चूक कुणाच्याही हातून होते गं. मी तर तुला केव्हाच माफ केलंय."

माफ केलंय! मला! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि वर जखमेवर फुंकर घालायलाही हाच.

मी पिशवीतून रिव्हॉल्व्हर काढलं आणि लगामाशेजारी ठेवलं. मूठ बदललेली होती तरी त्याने ओळखलं. तोंड पांढरं पडलं त्याचं. आता पाया पडेल, रडेल, कर्टिसचं नाव घेईल, असं मला वाटलं. खरं सांगते, त्याने नुसतं नाव घेतलं असतं ना, तरी मी त्याच्याशेजारी बसले असते.

"कितीला दिलं त्याने?" गेलनने विचारलं.

मी रिव्हॉल्व्हर पुन्हा पिशवीत घातलं. मग विचारलं, "कमरेचं म्यान तर भरलेलं दिसायचं. काय होतं त्यात?"

"पक्कड," तो म्हणाला. "कुंपणाची."

"पक्कड घेऊन माझ्या भावाच्या पाठीशी उभा होतास?"

"अगं, इतक्या वर्षांत एकदा तरी काढावं लागलं होतं का ते? मनगट दुखतं माझं, झाडवत नव्हतं. तू आरडाओरडा केला असतास म्हणून बोललो नाही. आणि असतं तरी काय झालं असतं? दोन सेकंदांचा खेळ तो."

"मग तसं सांगायचंस. खिळा कशाला मारलास?"

तो लगामाकडे बघत राहिला. "मला कुणी माफ केलं नसतं, नोरीन. पुन्हा एक गिऱ्हाईक आलं नसतं आपल्याकडे. तू बहीण त्याची. तुला लोक समजून घेतील, असं वाटलं."

म्हणजे हिशोब करून केलं होतं सगळं. कुणाच्या खांद्याला किती पेलेल ते जोखून, ओझं खेचरावर लादतात तसं माझ्यावर लादलं होतं.

"ऊठ," मी म्हटलं. "पॉलीनकडे चल. हे सगळं तिच्यासमोर, तुझ्या तोंडाने."

"उद्या जाऊ," तो म्हणाला.

"आत्ता."

"उद्या नक्की." आणि फडकं उचलून पुन्हा लगाम चोळायला लागला. मी गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

पॉलीनचं घर पाच मैलांवर. या खेपेला सरळ रस्त्याने गेले. तिने आतलं दार उघडलं, जाळीचं लावलेलंच ठेवलं. "तुला सांगितलं होतं ना मी?"

"पाच मिनिटं ऐक. मग तू म्हणशील तर जन्मात येणार नाही."

उभ्याउभ्या सांगितलं. वहीतली तारीख, दुर्बीण, पक्कड, खिळा. काडतूस वाजलं तेही सांगितलं. ती जाळीआडून ऐकत राहिली, मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झालं तेव्हा तिने माझ्या खांद्यावरून मागे, गाडीकडे पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं.

"आणि तो कुठे आहे?"

"घरी. उद्या येतो म्हणाला."

"म्हणजे याही वेळी पळाला," पॉलीन म्हणाली, "आणि पुढे तुला केलं."

मी मान हलवली. तिने जाळीच्या दाराची कडी काढली.