कुळामागून कूळ

कडेवाल्यांनी मास्क खाली ओढला आणि हातातल्या वटवट्या पाखराच्या पोटावर हलकेच फुंकर मारली. पिसं दुभंगून खालची कातडी दिसली. चरबी नावालाही नव्हती. मग आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

उभा जन्म त्यांनी हेच केलं होतं. तळ्यावर जाळी लावायची, पाखरू हातात घ्यायचं, पायात कडं घालायचं आणि पोटावर फुंकून अंगात चरबी किती ते बघायचं. वनखात्यात त्यांचं खरं नाव कुणाला आठवतही नसे. पण यंदा साथ आली होती. आधी बदकं मेली, तेव्हा साहेब म्हणाले, हा पाणपक्ष्यांचाच रोग. मग किनाऱ्यावरचे कुरव मेले. मग मेलेल्यांना खाणारे गरुड, मग कावळे. खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हीच रड होती. मेलेली पाखरं कुळवार पिशव्यांत भरायचं काम कडेवाल्यांकडे आलं आणि सारख्या नव्या पिशव्या उघडाव्या लागू लागल्या. चिमुकल्या पाखरांची कुळं तेवढी वाचली होती. तोच काय तो आधार होता. आणि आज तळ्याकाठच्या पाणकणसाच्या दाटीत हा वटवट्या सापडला, मान वाकडी करून गरगर फिरणारा. जिवंत, ऊबदार पाखरू हातात आलं आणि मेल्या सवयीने घात केला.

थोड्याच वेळात ते तळहातावरच गार झालं.

साथीसाठी नेमलेल्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी लगेच सांगितलं. बाई एरवी चांगल्याच तोंडाळ, पण आज रागावल्या नाहीत, आणि त्यामुळेच कडेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी गोळ्या दिल्या, घरच्यांपासून लांब राहा म्हणाल्या, माणसाला सहसा होत नाही असंही म्हणाल्या. सहसा! कावळ्यांच्या आधीही सगळे सहसाच म्हणत होते.

घरी लेक होती आणि तिची तान्ही पोर. कडेवाले घरात शिरलेच नाहीत, थेट परसातल्या लाकडांच्या खोलीत गेले. बायको ताट पायरीवर ठेवी आणि मागे सरकायला सांगितलं तरी तिथेच उभी राही. घरातून नातीचं रडणं ऐकू आलं की ते उठून दारापर्यंत जात आणि मागे फिरत. त्या दिवशी परतल्यावर आपण दारात तिला उचललं तर नव्हतं ना? नव्हतं. तरी ते पुन्हा पुन्हा आठवून बघत.

एका दुपारी कणकण आली, मग खोकला. बाईंनी फोनवर सांगितलं, गाडी पाठवते. तेवढ्यात बायको गोधडी घेऊन दाराशी आली.

"मी आत येते. पोरीला तिची आई बघेल."

"येऊ नकोस."

"इतकी वर्षं तुमचे पाखरांच्या घाणीचे कपडे धुतले. आता मला कसली भीती दाखवता?"

तिचा हात नुसता कपाळावर हवा होता त्यांना, अगदी लहान पोराला हवा असतो तसा.

"मला भीती वाटतेय गं," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले.

तिने दार ढकललं. पण त्यांनी आतून कडी घातली होती.

ती तिथेच पायरीवर टेकली, दाराला पाठ लावून. आत कडेवालेही दाराला टेकून बसले. फळ्यांच्या फटीतून तिच्या केसांची पांढरी बट आत आली होती. ते त्या बटेकडे बघत राहिले. मग आपला श्वास फटीतून तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि मगच तो सोडला.