मुठीवरची चमक

आमचे हे लेथवर लाकूड कातणारे. पलंगाचे खांब, खुर्च्यांचे पाय, लाटणी, सगळं यांच्या हातून गुळगुळीत होऊन निघतं. स्वभाव तेवढा कातायचा राहिला. खुब्याच्या ऑपरेशननंतर मिळालेली अ‍ॅल्युमिनियमची काठी मी कोपऱ्यात ढकलली, तेव्हा म्हणाले, "मी करतो तुला काठी. मग तरी जिना उतरशील ना?"

मी हो म्हटलं. म्हणायला काय जातं? त्याच जिन्यावर पडले होते मी, त्याचं नाव निघालं की मी विषय बदलायचे. पण समोरच्या इमारतीत धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. तिच्या खिडकीकडे बघून मी नुसते हातवारे करायचे. बघणाऱ्याला वाटावं, भांडण चाललंय.

काठी लगेच तयार झाली, पण हातात मिळेना. गोल मुठीला म्हणे अजून चमक हवी. मागच्या खोलीत लेथ फिरायचा आणि हे फिरत्या मुठीला पिवळ्या मेणाचा खडा टेकवून बसायचे. घासून मेण वितळलं की वर फडकं धरायचं.

"ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण आहे हे," मला ऐकवलं. "उन्हात सुकू नये म्हणून पान स्वतःच तयार करतं. पानं वाळवून झोडपली की झडतं. मधमाशीचं मेण हाताच्या उबेनं चिकट होतं, हे नाही होत. बुटाच्या पॉलिशमध्ये हेच, तुझ्या औषधाच्या गोळ्यांवरही हेच."

"म्हणजे बुटाचं पॉलिश मी रोज गिळते?"

"मग चमकत कशी नाहीस?"

थरावर थर चढत राहिले. शेवटी एक दिवस मीच भिंत धरत मागे गेले आणि काठी उचलली.

"थांब, अजून नको!" हे ओरडले.

मी ऐकते कुठली! काठीवर भार दिला आणि तळवा मुठीवरून सटकला. भिंतीनं वाचवलं. मग मी तोंडाचा पट्टा सोडला. "आयुष्य गेलं तुमचं या मेणात! हातात धरायच्या वस्तूला इतकं चोपडू नये, हे ठाऊक नव्हतं?"

एरवी हे शेरास सव्वाशेर. आज स्टुलावर बसले.

"ठाऊक होतं. एका थरात भागलं असतं. पण काठी दिली की तू जिन्याकडे जाणार. तू पडलीस तो आवाज मी याच खोलीत ऐकला होता. पुन्हा ऐकायची हिंमत नव्हती. म्हणून आज एक थर, उद्या एक."

इतके दिवस मला वाटत होतं, भीती माझी एकटीची आहे. रागवायचं होतं, पण डोळे भरून आले.

"पुसा ती चमक," मी म्हटलं.

त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि मूठ खरखरीत होईपर्यंत घासली. आपल्याच हातानं आपलं काम बिघडवताना त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशी मी म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा. पडलेच तर तुमच्या अंगावर पडेन."

ते माझ्याकडे तोंड करून, माझ्या पावलांवर नजर ठेवून उलटे उतरू लागले. अर्ध्यावर त्यांचेच पाय लटपटायला लागले. मी कठड्यावरचा हात काढला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"सावकाश," मी म्हटलं. "मी धरलंय तुम्हाला."